पाच वह्या, पुढची खोली आणि सूनबाईचा राहिलेला पेपर

चिरंजीव, गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस सांगितलं की मुद्दाम चढतोस, म्हणून विचारतो. चिमणे, खोकला गेला, की अजून डॉक्टर बदलणंच चालू आहे? सूनबाई, तू बरी आहेस ना? आणि तुझी आई? परवा तिने तुला ओळखलं का? मी ठीक. रक्तदाब तेवढा माझ्याहून तरुण आहे, उड्या मारतो. म्हणून हा कागद.

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, शिक्षण सातवी, इंग्रजीचे शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयातल्या टेपरूमचा निवृत्त राखणदार, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (चिरंजीवांनी फोनवर आणून पाहिलं, ते जमेस धरलेलं नाही) माझ्यामागची व्यवस्था पुढीलप्रमाणे ठरवून ठेवतो.

एक. घर दोन्ही मुलांना सारखं. पुढची खोली मात्र सूनबाईची. तिच्या वर्गासाठी मी लावलेला फळा काढायचा नाही. चिरंजीव, तिथे टीव्ही लावायचा विचार आत्ताच सोड.

दोन. बँकेतली ठेव चिमणीला. तुमच्या आईचं दुखणं तिने काढलं. यावर चर्चा नको.

तीन. टेपरेकॉर्डर आणि हातआरसा खालच्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांना. महाविद्यालयाला काडीही नाही. एकतीस वर्षं काचेमागे बसून मी भाषाशास्त्राचा प्रत्येक तास ऐकला. जीभ कुठे टेकते, ओठ कसे होतात, हे होणाऱ्या शिक्षकांना याच आरशात दाखवलं. निरोपाच्या दिवशी विभागप्रमुख मॅडम काय म्हणाल्या? "मामांनी मशीन छान पुसली." पुसली!

चार. माझ्या पाच वह्या सूनबाईला. पहिली आवाजांची, दुसरी शब्दांच्या घडणीची, तिसरी वाक्याची, चौथी अर्थाची. या चार गच्च भरलेल्या. पाचवी, माणूस बोलतो तेव्हा त्याला खरं काय सांगायचं असतं, याची. तिच्यात दीड पान. तो धडा दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर यायचा, त्यावर आठ मार्कांचा एकच प्रश्न. पोरं विचारायची, "मामा, हा सोडला तर चालेल?" मी म्हणायचो, "खुशाल सोडा." एकतीस वर्षं हेच सांगितलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा.

पाच. तो धोंडा कधी पडला तेही लिहून ठेवतो. सूनबाई इंग्रजीची शिक्षिका व्हायचा अभ्यास करत होती, तेव्हा तिचा आणि माझा नियम होता: दर रविवारी तिने फोनवर दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं, मी मध्ये तोंड घालायचं नाही, चुका टिपायच्या आणि शेवटी वाचून दाखवायच्या. मार्चातल्या एका रविवारी ती फार सावकाश बोलली. मी खूश, म्हटलं पोरगी सुधारतेय. मग सतरा चुका वाचल्या. इथे शब्दावरचा आघात पुढे हवा, इथे सूर खाली हवा. मग ती आपल्या भाषेत म्हणाली, "बाबा, मी काय सांगितलं ते ऐकलंत का?"

त्या आठवड्यात तिच्या विसरत चाललेल्या आईने पहिल्यांदाच तिला ओळखलं नव्हतं. आपल्या भाषेत सांगवेना, म्हणून परक्या भाषेचा आधार घेऊन पोर मला ते सांगत होती. आणि मी बैलोबा आघात मोजत बसलो!

तिने अभ्यास सोडला. म्हणाली, "शिकून असंच होणार असेल, तर मला नाही व्हायचं शिक्षक." एकच पेपर राहिलाय. यावर चिरंजीवांचा सल्ला: "बाबा, मृत्युपत्रात अट घाला. पास झाली तरच खोली. मग बसेल झक मारत." अरे गाढवा, अटीने कोणी शिकलंय? तुला पोहायला शिकवताना सायकलची अट घातली होती. सायकल गंजली, तू अजून काठावरच. तेव्हा अट नाही. सूनबाई, पेपर दे, नाहीतर नको देऊ. खोलीत वर्ग भरव, नाहीतर शिवणयंत्र मांड. खोली तुझी.

सहा. पाचव्या वहीत तो रविवार मी माझ्या चुकीचा नमुना म्हणून लिहिला आहे, लपवाछपवी न करता. तो होणाऱ्या शिक्षकांना वाचून दाखवायचा की पान फाडून टाकायचं, हे सूनबाईने ठरवावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिच्याच हाती.

ठिकाण: पुढची खोली, फळ्याखाली.
तारीख: नऊ ऑक्टोबर, सकाळी.

सही: टेपरूमवाले मामा, तुमचे बाबा

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे केमिस्ट. (सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही.)
२. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. (शुद्धीवर आहेत. चिडलेत, पण शुद्धीवर आहेत.)

सूनबाई, परीक्षेच्या फॉर्मची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. ते तुझं तू बघ. मला फक्त त्या रविवारी सांगायचं राहिलेलं सगळं लिहून पाठव, हव्या त्या भाषेत, हव्या तितक्या चुका करून. लवकर लिही, बाळ. मृत्युपत्राचं उत्तर माणूस गेल्यावर येऊन काय उपयोग?