झोंबी भाग दुसरा : आमच्या काही शंका

उदगीर,
भर उन्हाळा

प्रिय विरूपाक्ष यास,

संगप्पा दाजीचे शरणू शरणार्थ आणि पोटभर आशीर्वाद. उमादेवीचे गुडघे आता जिना चढू देतात का, तुझ्या कापडदुकानात लग्नसराईचं गिऱ्हाईक फिरकतं का आणि हिमायतनगरच्या नळाला पाणी येतं का, हे तिन्ही प्रश्न महत्त्वाच्या उलट्या क्रमानं विचारले आहेत. आमचं म्हणशील तर तब्येत ठणठणीत आणि घागरीत ठणठणाट. टँकर येतो म्हणतात. आम्ही त्याला क्वचित पाहतो, धूमकेतूसारखा.

पत्र लिहिण्यास कारण की मी सिनेमा पाहिला. (हसू नकोस. उमादेवीलाही हसू देऊ नकोस.) तो का पाहिला हे सांगायचं तर आधी उदगीर जिल्हा होणार इथपासून सुरुवात करावी लागते. ती आवई पुन्हा जोरात आहे. प्यायला पाणी नाही, पण कलेक्टर येणार म्हणून गाव खूश आहे. त्यामुळे देवणी रस्त्यावरच्या आपल्या शेतात, जिथं सलग दोन वर्षं काही उगवलं नाही, तिथं आता गिऱ्हाइकं उगवून राहिलीत. आजूबाजूला चुन्याच्या फक्क्या मारून प्लॉट पडले. आपल्या शेताला लातूरच्या एका माणसानं मागणी घातली, पण त्याची अट अशी की जमीन मोकळी करून द्या. मोकळी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लिंबाखाली तुझी अक्का बसली आहे. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, मातीत बसवतात, आणि रत्नम्माला बसवलं तेव्हा तिच्या तळहातावर इष्टलिंग ठेवणारा तूच होतास. आमचा पोरगा बसवराज म्हणाला, अप्पा, अव्वाला गावच्या रुद्रभूमीत नेऊन बसवू. मी म्हणालो, बघू. त्या 'बघू'वर महिना काढला. गिऱ्हाइकानं 'बघू' म्हटलं की माल घ्यायचा नसतो, हे पोराला ठाऊक आहे, म्हणून त्यानंही जोर केला नाही. फक्त रोज जेवताना माझ्याकडं बघायचा.

तर त्या गिऱ्हाइकाशी बोलणी करायला तो लातूरला निघाला आणि मला गाडीत घातलं. मी पंढरीला घेतलं. (पंढरी म्हणजे आपल्या गल्लीतला जुना पैलवान. आता कान तेवढे मोडलेले उरलेत, बाकी शरीर पेन्शनीत गेलं.) लातुरात सगळीकडं एकच विषय, रेल्वेनं आलेलं पाणी. बसवराज आत बोलणीला बसला आणि आम्ही बाहेर उन्हात. समोर थिएटर होतं. बाहेरच्या पाटीवर पेंटरनं झोकदार अक्षरात लिहिलेलं, 'झोंबी, भाग दुसरा'. पंढरीचे मोडके कान टवकारले. म्हणाला, मालक, कुस्तीचा शिनेमा हाय, आन् आत गार बी आसंल. मलाही तसंच वाटलं. झोंबी म्हणजे झोंबी, दोन पैलवान, लाल माती, हलगी. आम्ही तिकिटं काढली.

विरूपाक्षा, ती कुस्ती नव्हती. मेलेली माणसं जमिनीतून उठतात आणि जिवंतांना चावतात, याला इंग्रजीत झोंबी म्हणतात. पंढरीला हे पटायला मध्यंतर उजाडलं. तोवर तो पडद्यावरच्या नायकाला मोठमोठ्यानं शिकवत होता, आरं पट काढ की त्याचा! काय करून राहिला ह्यो? मागं सरकू नको, ढाक मार! माझ्या शेजारच्या खुर्चीत कॉलेजातली एक मुलगी होती. तिनं पहिला भाग पाहिलेला, त्यामुळे ती मला आजोबा म्हणून मागची गोष्ट समजावत गेली, आणि तिच्या बोलण्यातून मला एकेक शंका येत गेली.

पहिली शंका अशी की पहिल्या भागाच्या शेवटी या रोगावर औषध सापडलं होतं. दुसऱ्या भागात ते औषध कुणालाच आठवत नाही. शोधणारा डॉक्टर त्यात आहे, चांगला हिंडतो फिरतो, पण त्यालाही आठवत नाही. दुसरी शंका वृत्ताची. पहिल्या भागात हे मुडदे फार हळू चालायचे म्हणे, म्हणजे मंदाक्रांता, सुरुवातीलाच चार गुरू, जडशीळ, एकेक पाय ओढत. दुसऱ्या भागात तेच मुडदे धावतात. तेही कसे, तर चक्क भुजंगप्रयात, यमाचा यमाचा यमाचा यमाचा! हा बदल केव्हा झाला, कुणी केला, त्याचं एक अक्षर स्पष्टीकरण नाही. आमच्या महादेवप्पा मास्तरांनी कवितेच्या मध्येच वृत्त मोडणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. (तुला आठवतात का मास्तर? निजाम गेला आणि शाळेत पहिल्यांदा मराठी कविता आली. माझा थोरला भाऊ सगळं उर्दूत शिकला. मी मात्र पाढ्यांच्या आधी वृत्तं शिकलो, आणि तुझ्या अक्काला पाहायला आलो तेव्हा घाबरून तिचं नाव काय विचारायचं सोडून कविता येते का असं विचारलं. तिनं मान खाली घालून आख्खी म्हटली. एक कडवं गाळलं. मी ते जन्मभर तिला सांगितलं नाही.)

कुठं होतो? हां. तिसरी शंका पाण्याची. नायक मुडद्यांना घसरवायला पाण्याच्या टाकीवर गोळ्या घालतो. भली मोठी टाकी, धो धो पाणी रस्त्यावर. तोवर किती माणसं मेली, थिएटर हूं की चूं करत नव्हतं. पाणी सांडलं तशी सगळ्या लोकांनी हाय खाल्ली. मागून एक जण ओरडला, आरं मान्सं मार, पर पानी नको सांडू रं! एक बाई तर उठून उभीच राहिली, जणू आता घागर घेऊन पळणार.

पण विरूपाक्षा, माझी खरी शंका वेगळी होती आणि ती त्या मुलीला मी विचारली नाही. इतके मुडदे उठले, त्यातला एकही घरी गेला नाही. सगळे शहराच्या बाजारात गेले. असं कसं होईल? माणूस इतक्या दिवसांनी उठला तर आधी घरी नाही का जाणार? तुझी अक्का उठली तर ती मला चावायला येणार नाही. ती आधी स्वयंपाकघरात जाईल, दूध उतू गेलं का बघेल, ज्वारीच्या डब्याचं झाकण नीट लागलंय का बघेल, मग बाहेर येऊन विचारेल, हे काय, दाढी का वाढवली? आणि तिला तर उठायलाही कमी कष्ट. पडद्यावरची सगळी बिचारी आडवी होती.

शेवटी नायकाची बायको आली. ती पहिल्या भागात मेलेली. मुलगी कुजबुजली, आजोबा, हा तर सगळ्यात मोठा घोळ. पंढरी ओरडला, आरं ही तर मेलती की! पळ येड्या! सगळं थिएटर ओरडलं. नायकानं एक प्रश्न विचारला नाही. कशी आलीस, कुठून आलीस, काही नाही. सरळ मिठी मारली. ती त्याला चावली. लोक हसले. मला त्यात घोळ काही दिसला नाही. अख्ख्या सिनेमात तेवढंच एक खरं वाटलं. मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, तर पंढरी म्हणाला, मालक, गार हवा लई झोंबती डोळ्याला. भला माणूस.

तर या शंकांवर तुझं मत कळव. उमादेवीला आशीर्वाद सांग. गुडघ्याला करडईचं तेल लाव म्हणावं.

तुझा दाजी,
संगप्पा

ता. क. सिनेमा सुटल्यावर बसवराज गाडीशी उभा होता. मी विचारलं नाही, तरी सांगू लागला. अप्पा, नाही विकलं तरी चारी बाजूला घरं होणार. लिंब वाळला. उद्या शेजारचा अव्वाला खेटून संडास बांधील, मग आपण काय करणार? मी गाडीत बसता बसता हो म्हणून टाकलं. तुझ्या बहिणीची गोष्ट, तुला न विचारता. म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

ता. क. २ तू ये. बसवराज जेसीबी लावू म्हणत होता. मी म्हणालो, तुझी आई आहे, पाइपलाइन नव्हे. शेतावरचा गडी मलप्पा हातानं खणणार आहे, पण पहिली कुदळ माहेरच्या माणसानं मारावी असं मला वाटतं. मी पाठ करून बसेन. तू आत बघ आणि मला एवढंच सांग, बसलेली आहे ना. कललेली असली तरी बसलेली आहे असंच सांग.

ता. क. ३ माती दगड झाली आहे. आदल्या संध्याकाळी भिजवल्याशिवाय कुदळ आत जायची नाही, आणि जोरात घाव घालायला मी मलप्पाला मना केलं आहे. त्यासाठी माझ्या वाट्याच्या पाण्यातलं रोज थोडं रांजणात ठेवून राहिलोय. सुनेला वाटतं, म्हातारा आंघोळीचा कंटाळा करतो. तेव्हा येताना प्यायचं पाणी तुझं तू आण. इथलं तुझ्या अक्काला लागणार आहे.