दादाच्या मनगटासाठी जॉयस्टिक

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९.
व्हीआरएस घेऊन चार महिने झाले. आजपासून वेळ वाया घालवायचा नाही.
फेब्रुवारीत नंदूदादाला अर्धांगाचा हलका झटका आला. बाकी सगळं सुधारलं, उजवं मनगट तेवढं वळत नाही. फिजिओ म्हणतो गोल फिरवा. दादा म्हणतो, मी काय ताकातली रवी आहे? शुभावहिनी रडकुंडीला आली आहे.
काल चेंबूरला त्यांच्या घरी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की लहानपणी घाटकोपरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये होतं तसं मशीन घरी बनवतो. त्याची जॉयस्टिक नुसती हलायची नाही, किल्लीसारखी फिरायचीही. जिकडे फिरवाल तिकडे सैनिकाची बंदूक वळायची. खेळता खेळता मनगट कधी वळलं, दादाला कळणारही नाही.
दादा हसला. कित्येक महिन्यांनी. ३० तारखेच्या रविवारी येतो म्हणाला.
(पार्लरमध्ये स्टिक कायम दादाकडे असायची. मी बटण दाबायचो. पण तो मुद्दा नाही.)

मंगळवार, ४ नोव्हेंबर
लॅमिंग्टन रोडवरून साधी जॉयस्टिक आणली. आणि एनकोडर. म्हणजे जुन्या रेडिओच्या गोल बटणासारखी वस्तू. आपण किती फिरवलं ते ती कॉम्प्युटरला सांगते. दुकानदाराने विचारलं, पहले कभी सोल्डरिंग किया है? मी नुसता हसलो. विमा कंपनीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असले प्रश्न.
योजना: शनिवारपर्यंत काम पूर्ण. उरलेले तीन आठवडे मी सराव करणार. दादाला कोणीतरी शिकवायला हवं ना.

शनिवार, ८ नोव्हेंबर
काम पूर्ण. एनकोडर स्टिकच्या दांड्यालाच बांधला. झकास चाललं. चार मिनिटं.
दांडा फिरेल तशा वायरी त्याला गुंडाळत गेल्या आणि तुटल्या. अस्मिता गवार मोडत होती. म्हणाली, अहो, जात्याची वरची तळी फिरते, खालची जागेवर बसते. तुम्ही दोन्ही फिरवताय. मी म्हटलं, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे.
दुपारी एनकोडर दांड्याच्या खाली पक्का बसवायचं ठरवलं. ही कल्पना माझ्या डोक्यात आधीपासून होतीच.

बुधवार, १२ नोव्हेंबर
काशीराम सुताराने आमच्या जुन्या कपाटाची पेटी करून दिली. वर स्क्रीन आणि स्टिक, मागे दार. हॉलमध्ये आता सोफ्यावर आडवं होऊनच बसावं लागतं. अस्मिताने टेप आणून उरलेली जागा मोजली. हे मला आवडलेलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर
दांडा आणि एनकोडर यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा जोडला. स्टिक सरळ उभी असली की फिरते. तिरकी केली की नळी घसरते. म्हणजे सैनिक एक तर चालतो, नाहीतर नेम धरतो. खऱ्या लढाईतही असंच असणार.
उद्यापासून सकाळी सहाला उठून काम.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी १०.२०.
उठलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर
नळीला झटपट चिकटणारा गोंद लावला. नळी सुटली, अंगठा चिकटला. पाऊण तास मी पेटीला जोडलेला होतो. अस्मिता खोबरेल तेल चोळत असताना वहिनीचा फोन. दादा रोज सकाळी विचारतो म्हणे, देवाचं (म्हणजे माझं) मशीन कुठवर आलं? काल स्वतःहून मनगट वळवायला बसला. दुखलं, पण बसला.
मी म्हटलं, मशीन तयार आहे.
तत्त्वतः तयारच आहे. पण फोन ठेवल्या ठेवल्या आणखी नळ्या आणायला निघालो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
चौथी नळी घसरली. आजारी पडावं का? अस्मिता म्हणते, सांगून टाका, दादा रागावणार नाहीत. तेच तर. रागावला तर बरं. तो हात परत मांडीवर ठेवेल आणि म्हणेल, राहू दे रे देवा. ते मला ऐकवणार नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. दुपारी ४.
यश! नळी काढूनच टाकली. पेटीच्या आतून दांड्याचं टोक स्पष्ट दिसतं. ते जसं फिरेल तसा कोणीतरी आतून हाताने एनकोडर फिरवला की मशीन शंभर टक्के चालतं.
कोणीतरी म्हणजे कोण, असं अस्मिताने विचारलं.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी १.१५. पेटीत.
गेम ओव्हर झाल्यावर जो वेळ मिळतो त्यात मोबाईलच्या टॉर्चवर लिहितो आहे. गुडघे हनुवटीला टेकले आहेत.
दादा-वहिनी अकराला आले. अस्मिताने सांगितलं, हे मासे आणायला वर्सोव्याला गेलेत. आमच्या मुलुंडहून वर्सोवा, त्यामुळे वेळेचा प्रश्न नाही.
खालून पाहताना डावं-उजवं उलटं होतं हे ध्यानात आलं नव्हतं. पहिला सैनिक त्यात गेला. दादा म्हणाला, माझाच हात चुकला. आणि त्याने पुन्हा फिरवलं. आधी दांडा जेमतेम हलत होता. आता पाव फेरी होते. एकदा अर्धी झाली. वर वहिनी नाक ओढताना ऐकू आली. मीही आत डोळे पुसले, तेवढ्यात सैनिक मेला.
बटण वहिनी दाबते आहे. म्हणजे तेही माझ्याकडे राहिलं नाही.
आत्ता दादा अस्मिताला सांगत होता, मेला देवा हुशार निघाला गो, लहानपणी ह्याला बटण पण धड दाबता येत नव्हतं. दर रविवारी येतो म्हणाला. वहिनीने वेळेची आठवण करून दिली, अस्मिताने पानं घेऊ का विचारलं. दादा म्हणाला, छे, देवा आल्याशिवाय जेवायचं नाही. तो येईस्तोवर मी खेळतो.
दांडा हलला. वही ठेवतो.