नातीची चूक कुणी मानेना

माझ्या धाकटीला पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकला फोटोवाला, ओल्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात! मागोमाग सरकारी खात्याचे दोन साहेब. आपल्या नातीला महागाईच्या अभ्यासाचं एवढं मोठं बक्षीस मिळालं ना! मला कोण आनंद, पण पोरगी नुसती वैतागलीय गं.

वीस वर्षांमागे तिने लिहिलं होतं, महागाई वाढली की नोकरभरती थांबवावी. बक्षीस त्यालाच. पुढे तिनेच पडताळलं, तर ते चुकीचं निघालं. तसा लेखही छापला, पण वाचतो कोण?

"साहेब, ते चुकलंय माझं," ती म्हणाली.

"किती नम्र बाई!" साहेब हसले.

मी म्हटलं, "नम्र कसली? माझी आमटी बिघडली तर पाहुण्यांसमोर सांगते ही!"

तेही हसण्यावारी नेलं. आता सरकार तोच नियम लावणार म्हणे, कागदावर तिची सही घेऊन. किती पोरं घरी बसतील!

तुझे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे, झोप तेवढी लागत नाही.

नात म्हणते, ते सही घ्यायला आले तर दारच उघडू नकोस. मी उघडणार. मला छापलेलं बारीक अक्षर धड दिसत नाही ना, म्हणून तिचा तो चूक दाखवणारा लेख त्यांनाच मोठ्याने वाचायला लावणार, अगदी शेवटपर्यंत. मगच चहा. गुरुवारी दहाला येतो म्हणालेत.

तुझी ताई