पहिल्या ओळीची चाल

जळगाव, २ मे २०२४

चि. मृणाली हीस,
नानाचे अ. आ. वि. वि.

फोन सोडून पोस्टानं लिहितोय म्हणून हसू नकोस. घरातल्या कुठल्याच यंत्रावर आता माझा विश्वास उरलेला नाही.

काकूला अल्सर झालाय असं तुला कळवलं होतं, ते खोटं. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, चौथा टप्पा. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं. बाहेर येऊन मी तिला म्हणालो, अल्सर आहे, तिखट बंद. बिचारीनं भरीत सोडलं, आणि तेवढ्यावरूनच माझ्यावर रुसून बसली.

दिवाळीत तू माझ्या मोबाइलमध्ये तुमच्या मंडळींनी बनवलेला ब्राउझर घालून दिलास. म्हणाली होतीस, नाना, इथं काय हवं ते विचारा, कुणी डोकावणार नाही. त्या भरवशावर मी तिथं सगळं विचारलं. किती दिवस उरतात, वेदना होतात का, बायकोला सांगावं की नाही. डॉक्टरांपुढे जीभ उचलली नाही, तेसुद्धा.

परवा काकू टॅबवर अहिराणी गाणी लावून गवार मोडत बसली होती. मध्येच एका इस्पितळाची जाहिरात आली, चौथ्या टप्प्यातही आशा सोडू नका. तिनं विचारलं, हाई काय शे हो, चौथा टप्पा? मी म्हणालो, निवडणूक आहे ना, आपलं मतदान चौथ्या टप्प्यात आहे. ती म्हणाली, मग आशा सोडू नका म्हणजे यांचा उमेदवार पडणार वाटतं. मी हसलो, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

आता ती जाहिरात रोज येते. इंटरनेटची वायर मी काढून ठेवतो, ती शेजारणीला बोलावून लावून घेते. पोरी, माझं ते विचारणं कुठं साठलं असेल तिथून पुसून टाक. कुणाच्या हातापाया पडायचं असेल तर मी धुळ्याला येतो. तिला कळलं तर ती मरणाआधीच विझेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
लीलाधर नाना


धुळे, ६ मे २०२४

ती. नाना यांस,
मृणालीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर जेवण गेलं नाही. नाना, ते पुसणं माझ्या हातात नाही. कुणाच्या हातात आहे हेही मी छातीठोक सांगू शकत नाही.

आमचा ब्राउझर तुमच्या मागे लागणाऱ्यांना अडवतो, ते खोटं नाही. पण वरच्या पट्टीत तुम्ही प्रश्न लिहिता, तो ज्या सर्च इंजिनकडे जातो ते आमचं नाही. ते एका मोठ्या कंपनीचं, जाहिरातींवर जगणारं. ब्राउझर घेतला की तेच आधीपासून लावलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. बदलता येतं, पण बदलतं कोण? तुम्ही जगातल्या सगळ्यांना दार लावलंत आणि मनातलं नेमकं त्याच्याच कानात सांगितलंत. जाहिरात त्यातूनच आली असं शपथेवर सांगता येणार नाही, पण तुमच्या दोघांचं इंटरनेट एकच आहे. मला शंका नाही.

ते लावून ठेवावं म्हणून ती कंपनी आम्हाला पैसे देते. त्यावर आमचे पगार होतात आणि लोकांना ब्राउझर फुकट मिळतो. गेल्या वर्षी मी म्हणाले होते की सुरुवातीलाच माणसाला विचारू या, तुला कोणतं हवं. आमचे प्रमुख हितेंद्र म्हणाले, विचारलं की करार गेला, करार गेला की आपण बंद. मग तुझ्या घरची माणसं कुठं जातील? त्या कंपनीच्याच ब्राउझरमध्ये ना? ते वाईट माणूस नाहीत, नाना. मी तो विषय सोडला, आणि दिवाळीत तुम्हालाही सांगितलं नाही.

येत्या आठवड्यात त्याच करारावर पुन्हा बैठक आहे. बोलले तर इतक्या जणांची चूल विझवीन, नाही बोलले तर काकूंना तोंड कसं दाखवू?

रागावलात तरी पत्र थांबवू नका.
तुमची
मृणाली


जळगाव, १० मे २०२४

चि. मृणाली हीस,
अ. आ. वि. वि.

रागावलो होतो. मग तुझ्या त्या डिफॉल्टला मराठी शब्द शोधत बसलो, माझी जुनी खोड. जामनेरच्या शाळेत गुरुजी कवितेची पहिली ओळ म्हणायचे आणि मागून सगळा वर्ग त्याच चालीत म्हणायचा. कौलांतून उन्हाचे कवडसे पडायचे, आम्ही डुलत डुलत गायचो. पुढे कधीतरी तीच कविता मी चालीशिवाय वाचली, आणि कळलं की ती आनंदाची नव्हतीच, मरणाची होती. इतकी वर्षं मी ती हसत म्हणत होतो. तुझा डिफॉल्ट म्हणजे ती चाल. पहिली ओळ ज्याची, चाल त्याची. आणि चाल या शब्दाचा दुसरा अर्थ तुला सांगायला नको.

हे लिहिता लिहिता हात थांबला. काकूच्या आयुष्यात अल्सरची पहिली ओळ मी म्हटली. ती बिचारी मागून म्हणते आहे.

तरी सांगायचा धीर होत नाही गं. काल तिच्या पोटात वरणाचं पाणीही ठरलं नाही. पोट दाबून धरते आणि मलाच म्हणते, तुम्ही जेवून घ्या. सोमवारी मतदान. तिला जायचंच आहे. मी काय करू?

या म्हाताऱ्याला टाकू नकोस.
तुझा
नाना


जळगाव, १४ मे २०२४

चि. मृणालीस,
नर्मदाकाकूचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर हलतंय, समजून घे. आज मीच लिहिते.

माले बठ्ठं माहीत शे, सगळं. जाहिरातीवरून नाही. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना यांनी माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी घेतली नव्हती. तेव्हाच मी समजले. अल्सर म्हणून ते इतके धडपडत होते की मीही अल्सरच म्हणत राहिले. मोरीतला नळ तासभर कशाला वाहतो, मला कळत नाही का?

काल मतदान करून आले. परत येताना रिक्षात यांना म्हटलं, आता पुरे. मग हे रिक्षावाल्यासमोरच रडले. घरी येऊन, संसारात पहिल्यांदाच, त्यांनी मला विचारलं, तुला काय हवं? मुंबईला नेऊ का?

मृणाली, मला भीती वाटते. रात्र रात्र पोटाशी उशी धरून बसते. पण ही भीती माझी आहे, ती माझ्यापासून लपवून दुसऱ्यानं का सांभाळायची? उत्तर मी देईन. सवड द्या म्हटलं.

तुझ्या कामाचं यांनी समजावलं. मतदानाच्या यंत्रावर सगळी नावं होती आणि एकही बटण आधीपासून दाबलेलं नव्हतं. दाबलेलं असतं तर मी तशीच बाहेर आले असते, आणि मत दिलं म्हणून बोटाची शाई सगळ्यांना दाखवली असती. तुम्हा लोकांचं पोट त्यावर आहे, हेही कळतं. बैठकीत काय बोलायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर मीही तुझ्यासाठी बटण दाबल्यासारखं होईल.

जमलं तर लवकर ये. भरीत करायला सांगितलंय, मला वास तरी घेऊ दे.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव. मी आपलं विचारलं.

तुझी
काकू