चुकणारं कासव

कर्वेनगर, पुणे
९ जानेवारी २०२५

चि. अभिनव यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जुनी गोष्ट आहे. एका सकाळी पाणी भरून झालं होतं, दूध उतू जाऊन झालं होतं आणि मी मेथी निवडायला बसले होते. तू तेव्हा वसतिगृहात होतास. तुझ्या बाबांनी आदल्या दिवशी ग्रंथालयातल्या उरलेल्या चिठ्ठ्या आणून स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव चिकटवलं होतं. तिथे शिपाई असले तरी घरी ते ग्रंथपाल होते. चहा त्यांनीच केला आणि ‘साखर’ लिहिलेल्या डब्यातून दोन चमचे मीठ घातलं. पहिला घोट घेऊन थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग पूर्ण कप संपवला. म्हणाले, या वेळची चहापत्ती समुद्राकाठची दिसते. मी चिठ्ठी बदलायला निघाले, तर म्हणाले की चिठ्ठी बरोबर आहे, मीठ चुकलंय. मीठ हलवायचं काम माझं आणि चिठ्ठी हलवायचं काम त्यांचं, यावर दोघं अडून बसलो. कुणीच काही हलवलं नाही.

हे आठवलं ते तुझ्या कालच्या भागामुळे. तू लिहितोस ती मुलांची चित्रमालिका, ‘तळ्याकाठची मंडळी’, मी अकरा वर्षं टीव्हीवर पाहते आहे. कासव बाबांवरून काढलंय हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पहिल्याच भागात ते छत्री हरवू नये म्हणून ती घरी ठेवून भिजत आलं होतं. आता ते हवेत तरंगतं, डोक्यामागे उजेड पडतो आणि शेवटी उपदेश करतं. शेजारच्या द्वारकाबाईंनी विचारलं, तुमचं कासव कीर्तनाला लागलं का. बेडूक पूर्वी अधूनमधून खोटं बोलायचा, आता दुसरं काही बोलतच नाही. परवा जिराफ आला. तळ्यात तो कशाला, हे त्यालाही कळलेलं दिसलं नाही. चित्रं मात्र फार गुळगुळीत झालीत. पाणी इतकं चकाकतं की त्यात कुणी राहत असेल असं वाटत नाही.

तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत कुणाला उपदेश केला नाही. फक्त कुरकुर केली. तो माणूस कुठे गेला, तेवढं कळव.

फोनवर तू हो-हो म्हणत दुसरंच काम करतोस, म्हणून पत्र. शिवाय हिंजवडीहून इथे यायला तुला जेवढा वेळ लागतो, त्याहून पोस्टाला फारसा जास्त लागत नाही.

लोभ आहे, म्हणून एवढं लिहिलं.

तुझी आई

हिंजवडी
२० जानेवारी २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र नम्रताने आधी वाचलं आणि दिवसभर माझ्याकडे पाहून हसत होती. नवऱ्याची अशी हजेरी तिला स्वतः घ्यायला जमली नाही याचं तिला वाईट वाटतंय. तू शाळेत सातवीपर्यंत गेलीस आणि बाकीचं बाबांनी आणलेल्या पुस्तकांतून वाचलंस, पण इतकं नेमकं आमच्या वाहिनीतलं कुणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं. रंग वाढवा, वेग वाढवा, शेवटी बोध द्या. जिराफ खेळणी विकणाऱ्यांना हवा होता.

बातमी अशी की कार्यक्रम बंद होतोय. शेवटचा भाग मे महिन्यात. त्यात कासव कमळात बसून आकाशात जाईल असं ठरलंय. पंधरा फेब्रुवारीपर्यंत लिहून द्यायचंय आणि माझ्याकडून एक ओळ होत नाही.

सगळं जिराफावर ढकलता येईल, पण कासव मीच बिघडवलं. बाबांचा शेवटचा फोन त्याच्याबद्दलच होता. ते म्हणाले, कासव असं बोलणार नाही. मी दमलो होतो. मग तुम्हीच लिहा, असं म्हणून मी फोन ठेवला. आठव्या दिवशी ते गेले. तेव्हापासून त्या कासवाकडून चूक करवायला माझा हात धजत नाही.

आणखी एक. गेल्या दिवाळीत तुझ्याकडे चहा मी केला होता. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या डब्यात अजून मीठच होतं. मी पूर्ण कप प्यायलो आणि काही बोललो नाही. तेव्हा बाबांना देवघरात मी एकट्यानेच बसवलंय असं समजू नकोस.

रागावलीस तरी लोभ तेवढा कमी करू नकोस.

अभिनव

कर्वेनगर
२८ जानेवारी २०२५

चि. अभिनव यास आशीर्वाद. वि. वि.

त्या दिवाळीला तू चहा पिऊन खिडकीबाहेर पाहत होतास. मला वाटलं, फटाके बघतोयस.

डब्याचं खरं आहे. सवय म्हणून राहिलंय, असं मी लोकांना सांगते. विचारणारं कुणी नसलं की स्वतःला सांगते.

आता जे मी कधी सांगणार नव्हते, ते लिहिते. तू फोन ठेवलास तेव्हा तुझे बाबा रागावले नाहीत. विजेचं बिल उलटं करून लिहायला बसले. दोन तास बसले. मी भाजी दोनदा गरम केली. त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या. मग म्हणाले, काम अवघड आहे, पोरगं बरोबर बोललं. आणि मला बजावलं की हे त्याला कळू देऊ नकोस, डोक्यावर बसेल.

म्हणून नाही कळू दिलं. गेलेल्या माणसाचा शब्द पाळत होते. त्यापायी तू अडीच वर्षं काय घेऊन बसलायस, ते मला दिसलं नाही. चूक माझी आहे.

बिल सोबत पाठवते. ओळी खरंच वाईट आहेत. वाचून हस, त्यांना चालेल. आता डोक्यावर बसायलाही हरकत नाही.

लोभ आहे तिथेच आहे.

आई

हिंजवडी
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आईस शि. सा. न.

वाचून हसलो. मग बराच वेळ बाल्कनीत उभा होतो.

शेवटचा भाग लिहून दिला. यात बोध कुठे आहे, असं वाहिनीने विचारलं. नाही म्हणून सांगितलं. तसाही बंदच होतोय, करा काय ते, असं उत्तर आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मनासारखं करू दिलं. बिल मी ठेवून घेतलंय, मागू नकोस.

मे महिन्यात चार तारखेला पाहा. तोवर लोभ उधार ठेव.

अभिनव

कर्वेनगर
६ मे २०२५

चि. अभिनव यास आशीर्वाद. वि. वि.

रविवारी भाग पाहिला. द्वारकाबाईही होत्या. कासवाने मीठ घालून चहा केला, एक घोट घेऊन तळ्याकडे पाहिलं आणि कप संपवला. मग बेडकाला दिला. चहा छान झालाय, असं बेडूक म्हणाला. इतक्या भागांत त्याचं हे एकच खोटं मला आवडलं. मग कासव पलीकडच्या काठाला निघालं, अर्ध्या वाटेत छत्री आठवली म्हणून मागे वळलं, आणि ते घरी पोचायच्या आतच भाग संपला. कमळ कुठे दिसलं नाही. बरं केलंस.

द्वारकाबाईंनी विचारलं, पुढचा भाग कधी. मी सांगितलं की आता नाही. त्या म्हणाल्या, आत्ता कुठे सुधारला होता. मग त्या गेल्या आणि मी टीव्ही बंद केला.

कासव बोलायला हवं तसंच बोललं. तुझे बाबा असते तर त्यांनी तरीही फोन करून एखादी चूक काढली असती.

नम्रताला आशीर्वाद. येशील तेव्हा चहा तूच कर.

तुझी आई

ता. क. सोमवारी सकाळी मेथी निवडून झाल्यावर त्या डब्यातलं मीठ काढलं, डबा आतून धुऊन उन्हात वाळवला आणि त्यात साखर भरली.