गल्लीचा ग्रुप कोण वाचतंय?

३ एप्रिल

गेंडा! एवढा एकच शब्द लिहिला मी ग्रुपवर, नगरसेवकाबद्दल. तर थोड्या वेळात खुद्द त्याचाच फोन! "अक्षराताई, गेंडा म्हणलात म्हणं मला. कातडी जाड असंल, कान तिखट हायत."

दूध उतू चाललंय म्हणून मी फोन ठेवला.

ग्रुपमध्ये सगळ्या आमच्या गल्लीतल्या बायका. नळ आला न्हाई की रिकाम्या घागरीचा फोटो टाकायचा आणि तो नगरपालिकेला पाठवायचा — एवढंच आमचं आंदोलन. उदगिरात एप्रिलमध्ये फोटोंना तोटा न्हाई. मग चहाडी कुणी केली?

४ एप्रिल

बबिता ग्रुप सोडून गेली. तिचा नवरा नगरपालिकेत कामाला. "ह्यांच्या नोकरीचं बघावं लागतं, बाई." आणखी दोघींनी फोटो पुसून टाकले. मी शेजारणीकडं संशयानं बघून राहिले, ती माझ्याकडं. असंच चाललं तर आंदोलन गेलं कुठल्या कुठं!

५ एप्रिल

हे भांड्याच्या दुकानातून जेवायला आले, म्हणाले, "नेटवर बघ की. सगळं असतंय तिथं."

बघितलं. मोबाइलची सुरक्षा, इंटरनेटचं स्वातंत्र्य, ऑनलाइन चळवळ — ढीगभर हाय, पण सगळं इंग्रजीत. मराठी करून देणारं बटण दाबलं. "प्रथम आपल्या धमकीचा नमुना तयार करा." आता मी कुणाला धमकी देऊ? "मासेमारीपासून सावध राहा." इथं प्यायला पाणी न्हाई, मासे कुठले! "अनोळखी बिस्किटे स्वीकारू नका." हे तेवढं पटलं. प्रवासात तसंही कुणाचं घेऊ नये.

६ एप्रिल

पासवर्ड लांब ठेवा, असं त्यात होतं. ठेवला. विसरले.

मोबाइल दुकानाचा मारोती हसून हसून लाल! "ताई, तुमच्यापासून लई सुरक्षित झाला बघा फोन."

८ एप्रिल

लातूरहून दीपालीनं — माझी कॉलेजातली मैत्रीण — एक हिंदी पुस्तिका पाठवली. चळवळीतल्या लोकांसाठीची. निम्मी डोक्यावरून गेली. पण एक ओळ कळली: फोनला दुसरा कुठला कॉम्प्युटर जोडलाय का, म्हणजे आपले मेसेज तिकडंही दिसतात का, ते आधी बघा.

माझ्या फोनला न्हाई. गल्लीतल्या मठाच्या ओट्यावर बसून एकेकीचा बघितला. न्हाई. राहिला सासूबाईंचा. त्यांनी तो पदराखाली धरला. "बेडा, नको! माझ्या फोनात काय हाय, देवाचे फोटो!"

हिसकावूनच घेतला. तर हाय की जोडलेला! नगरसेवकाच्या हापिसात त्या आधारच्या कामाला गेल्या होत्या. तिथल्या माणसानं "आजी, जरा फोन बघू," म्हणून घेतला. तेव्हापासून सासूबाईंचं सगळं त्या हापिसात उघडं! ग्रुपही, आणि बीदरच्या बहिणीला बोलून पाठवलेली कानडी गाऱ्हाणीही. आमच्या सासूबाई गंगम्मा एकदा सुरू झाल्या की थांबत न्हाईत. मीही ऐकली थोडी. माझ्या भाकरीबद्दल त्यांचं काय मत हाय, ते नगरसेवकाला माझ्याआधी कळलं!

९ एप्रिल

कॉम्प्युटर काढून टाकायला बसले, तर सासूबाईंनी हात धरला. "थांब गं. ऐकून राहिलाय न्हवं? ऐकू दे."

म्हणून ग्रुपवर लिहिलं — उद्याही नळ आला न्हाई, तर सगळ्यांनी टॉवेल-साबण घेऊन नगरसेवकाच्या घरी आंघोळीला जायचं.

खाली सासूबाई बोलून मोकळ्या: "मी पाठ घासायचा दगड आणते. त्याची बी घासू."

१० एप्रिल

नळ आला!! घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पातेली भरली, मग वाट्या. नगरसेवक स्वतः गल्लीत हात जोडून उभा. "आंघोळी झाल्या का, मावशी?"

मग काढला तो कॉम्प्युटर. सासूबाई फोन पदरानं पुसत म्हणाल्या, "एवढं मन लावून माझं कोण ऐकंल आता?"

१२ एप्रिल

बबिता परत आली. तिचा नवरा म्हणाला म्हणं, "माझं नाव न्हाई घ्यायचं. फोटो मात्र टाक, आमच्या मोरीचा बी."

१७ एप्रिल

एका कागदावर सगळं आपल्या भाषेत लिहून काढलं. धमकीचा नमुना वगैरे न्हाई. सरळ — कुणापासून काय लपवायचंय, ते आधी ठरवा. फोन हातात देताना नजर ठेवा. जोडलेलं काय हाय ते बघत राहा. फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो देगलूरला गेला, मुदखेडला गेला. आज ओट्यावर दुसऱ्या गल्लीच्या बायका! एकीनं विचारलं, "फी काय?" सासूबाई म्हणाल्या, "अक्षराची भाकरी खायची. तीच फी."

२० एप्रिल

दुपारी दारात नगरसेवकाची बायको. म्हटलं, आली भांडायला. पण ती आत येऊन खालीच बसली. एका हातात बांगड्या, दुसऱ्या मनगटावर त्या फुटल्याचे ओरखडे. हलक्या आवाजात म्हणाली, "वैनी, माहेरी केलेला फोन घरात कळू न्हाई, असं काही असतंय का ह्यात?"

मी दार लावलं. सासूबाईंनी स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. "तोवर ह्याच्यावरून बोल, बाळा."