हरकत घ्यावी, ही विनंती

सरावली, बोईसर
मंगळवार

तीर्थस्वरूप शांताराममामांस,

शैलेशचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलो ते मनातल्या मनात. तरी पूर्ण धरावा.) तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला कसा आहे? फोनवर तुम्ही दोघंही "बरं हाय" एवढंच सांगता. शिवाय जे सांगायचं आहे ते मला फोनवर जमणार नाही, म्हणून पत्र.

प्रफुल्ल गेल्यावर त्याचं काम मी हाती घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते काम काय, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि (खरं सांगतो) पहिलं वर्षभर मलाही नीट कळलं नव्हतं. संगणक चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली आम्ही काही माणसं देशोदेशी बसून, पगाराविना, जुळवतो आणि फुकट वाटतो. बागेतल्या पंपासाठी तुमच्या लेकाने, प्रफुल्लनेच, जो डबा बनवला, त्यातही तीच आहे. त्या डब्यात स्वतःचे प्रोग्राम स्वतः बनवायची ताकद नाही. ते इथल्या मोठ्या यंत्रावर बनवायचे आणि तिथे चालवायचे. मामी पापड घिवलीत लाटते आणि ते तळले जातात सरावलीत, तसंच. ही लाटायची हत्यारं प्रफुल्ल सांभाळायचा, आणि हजारो प्रोग्राम मिळून वापरतात अशी एक सामायिक फाइलही.

गेल्या महिन्यात मला साफसफाईची हुक्की आली. त्या फाइलीत एका ओळीवर प्रफुल्लने नाव घालून लिहून ठेवलं होतं, "ही काढू नये. का, ते नंतर लिहितो." ते लिहायचं राहून गेलं, मामा. मी ओळ वाचली, ही कशालाच लागत नाही असं ठरवलं आणि काढली. दुसऱ्या दिवशी तीनशे बारा प्रोग्राम बनेनासे झाले. नॉर्वेतल्या एका बाईंनी अत्यंत सभ्य भाषेत माझं शिक्षण विचारलं. (मी दिवसा एमआयडीसीत बॉयलर बघतो, हे त्यांना सांगितलं नाही.) ओळ परत घातली, सगळ्यांची माफी मागितली.

पण हात दाखवून अवलक्षण झालंच. ओळ कशासाठी होती, हे सगळ्यांनी मिळून शोधलं. ती निघाली डब्यातल्या त्या जुन्या प्रोसेसरसाठी. बाकीचे नकळत तिला टेकून उभे होते, त्यांची सोय आता वेगळी लावली आहे. मग मंडळी म्हणाली, तो प्रोसेसर आता वापरतो कोण, त्याची हत्यारंच मोडीत काढू. आमच्यात रीत अशी, की काढण्याआधी पंधरा दिवस जाहीर विचारायचं. वापरणाऱ्या एकानेही हरकत घेतली तर काढायचं नाही. गप्प बसला तो कबूल. विचारायचं ते सांभाळणाऱ्याने, म्हणजे मी. आणि विचारणाऱ्याला स्वतः हरकत घेता येत नाही. अकरा दिवस झाले, कोणी बोललेलं नाही. शनिवारी ती ओळ जाईल आणि तिच्याबरोबर प्रफुल्लचं नावही. आता ते तेवढ्या एकाच जागी उरलं आहे. माझ्या हाताने ते पुसायचं, हे मला सहन होत नाही.

मामीला नमस्कार. माझ्या कंबरेची काळजी नसावी.

तुमचा भाचा,
शैलेश

ता. क. सोबतच्या कागदावर लिहिलं आहे, "घिवली येथे हा प्रोसेसर माझ्या वापरात आहे, सबब हत्यारं काढू नयेत." त्याखाली सही करावी. इंग्रजी मी करतो. बॉयलरवरचे शिवाजीकाका घिवलीतच राहतात, त्यांच्या हाती पत्र देतोय; कागद शनिवारच्या आत त्यांच्याच हाती परत द्यावा.

आणखी ता. क. मामीने मला सांगितलं आहे. "डबा कवाच काढला. पावसात खराब होईल म्हनतात, हातानंच पंप लावतात. पोराच्या फोटोपाशी ठेवलाय, रोज पुसतात." तेव्हा सही करण्याआधी डबा एकदा विजेला जोडावा, म्हणजे तुमच्या हातून खोटं लिहिलं जाणार नाही. फोटोपाशीच जोडला तरी चालेल. यंत्र चालू असावं एवढंच नियमात आहे. पाणी यावं, असं कुठे लिहिलेलं नाही.